विद्यापीठ कोणाच्या बाजूने वाचणार?

दक्षिण गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या पट्ट्यात मे महिना तेंदूपत्त्याचा. पहाटे अंधारात घर सोडायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, मग सावलीत बसून घरातल्या लहानथोरांनी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून द्यायचे. हंगाम जेमतेम पंधरा दिवसांचा. अवकाळी पाऊस झोडपून गेला तर तेवढाही नाही. त्याआधी मार्च-एप्रिलात मोहफूल. कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा प्रामुख्याने या दोन हंगामांतून येतो. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षाही याच सुमारास लागतात. मग घरात हिशेब सुरू होतो: पोरीने पेपर द्यायचा की पुडे बांधायचे? पेपर चुकला तर तिला गैरहजर धरतात आणि निकालपत्रात नापास लिहून येतं. ती कुठे होती, हे निकालपत्राला ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, विद्यापीठाच्या भवितव्यावर लिहायला बसलात आणि तेंदूपत्त्यात काय शिरलात? पण एखादी संस्था कोणाला डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली, हे तिच्या उद्दिष्टांच्या पाटीपेक्षा तिच्या वेळापत्रकावरून लवकर कळतं. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांचं विद्यापीठ, मुख्यालय गडचिरोलीत. नाव गोंडवाना, शेजार जंगलाचा. चाल मात्र जुनीच. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या. खुद्द लंडनने १८९८च्या कायद्याने ही घडी मोडली आणि शिकवणारं विद्यापीठ व्हायचं ठरवलं. आपण १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ काढलं तेव्हा तीच घडी वापरली आणि २०११ मध्ये नागपूरचा तुकडा पाडला तेव्हाही तीच. सव्वाशे वर्षांपूर्वी मालकाने टाकून दिलेला कोट आपण अजून मापाला बसवतो आहोत.

संलग्न महाविद्यालयं, परीक्षा केंद्रं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, फेरतपासणीचे अर्ज यांत विद्यापीठाचा निम्म्याहून जास्त जीव जातो. हा कारभार आजवर खपून गेला, कारण माहिती दुर्मिळ होती. पुस्तकं नागपूरला, प्राध्यापक नागपूरला. आलापल्लीच्या मुलाला त्यातलं जे काही मिळायचं ते महाविद्यालयाच्या वर्गातूनच. आता ती स्थिती उरली नाही. आलापल्लीच्या चौकात टॉवरची रेंज आहे, खिशात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘भारतीय अर्थव्यवस्थेत वनांचे महत्त्व’ या विषयावर प्रकल्प लिहून आणा असं सांगितलं, तर तो अर्ध्या मिनिटात तयार होतो आणि गाइडमधल्यापेक्षा बरा असतो. माहिती पोचवणं आणि ती पाठ झाली का ते तपासणं एवढंच विद्यापीठाचं काम असेल, तर ते काम संपलं. यावर रडण्यात अर्थ नाही. पोरं कॉपी करतात म्हणून कॅमेरे बसवण्यात तर त्याहून नाही.

मोबाइलमधलं यंत्र कुठे अडतं ते पाहिलं तर पुढचा रस्ता दिसतो. सुरजागडच्या लोहखाणीच्या पायथ्याच्या नाल्यात जुलै महिन्यात पाण्याबरोबर किती गाळ वाहतो, असं त्याला विचारा. ते अतिशय सफाईदार मराठीत उत्तर देईल आणि त्या उत्तराला बूड नसेल, कारण ते पाणी सलग काही वर्षं कोणी भरून, गाळून, मोजून, सर्वांना दिसेल असं मांडून ठेवलेलं नाही. २०२१च्या पावसाळ्यानंतर छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. धान तुडवला, घरं पाडली, माणसं मारली. या जंगलात कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे, पण ते माणसाळवलेले, लाकूड ओढायच्या कामातून उरलेले हत्ती. रानटी कळपाशी कसं वागायचं हे इथल्या हयात पिढीला माहीत नव्हतं. कळप कोणत्या महिन्यात कुठून फिरतो, कोणत्या गावात मोहाच्या वासाने घरात शिरतो, याची नोंद गावोगावच्या माणसांच्या डोक्यात साठते आहे आणि तिथेच विरते आहे. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचं सहा हेक्टरचं जंगल १९५३ पासून कुऱ्हाडीविना राखलं आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या सागाखाली पर्यटक फोटो काढतात. मला वाटतं, अहेरी-आलापल्लीत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीने तिथली ठरावीक झाडं दर वर्षी मोजावीत आणि वही पुढच्या तुकडीच्या हातात द्यावी. तीस वर्षांनी त्या वह्यांची किंमत जगातल्या कोणत्याही वनसंशोधकाला कळेल. आज आमची पोरं त्याच झाडांच्या आकृत्या पुस्तकातून बघून काढतात.

म्हणजे जे कुणीच लिहून ठेवलेलं नाही ते पहिल्यांदा, खात्रीने लिहून ठेवणं, हे काम उरतं आणि ते मोठं आहे. गडचिरोली जिल्ह्यात ते झालेलंही आहे. गंमत अशी की ते विद्यापीठाच्या बाहेर झालं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांची त्यांनी तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजणाऱ्या जगाला या दोन गावांनी नवं काही शिकवलं. पुढे १९९५ ते १९९८ या काळात बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले. हे निष्कर्ष १९९९च्या डिसेंबरमध्ये छापून आले आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली.

यातली एक वस्तू मला फार मोलाची वाटते. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पन्नास-साठच्या पुढे गेले की धोका. गावातल्या सुइणीला तेवढे आकडे येत नव्हते. तेव्हा लाकडी पट्टीवर एक मिनिटाची वाळूघडी आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या: एक तान्ह्यासाठी, एक मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर उपचार सुरू करायचा. निरक्षर बाईला आधी साक्षर करा, मग विज्ञान शिकवा, असं इथे कोणी म्हटलं नाही. विज्ञानच तिच्या बोटांपर्यंत नेलं. अभ्यासक्रम तयार करणाऱ्या प्रत्येक मंडळाच्या टेबलावर ही पट्टी ठेवायला हवी.

दुसरं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावचं. त्याच्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की वाचक पान उलटतील, म्हणून एवढंच सांगतो. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागचा अभ्यासगट कमी लोकांना माहीत आहे. गावचे देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्याबरोबर कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, वर्षानुवर्षं बसून कायदे वाचत होते. रीत अशी होती की अभ्यासाला बाहेरचा माणूस चालेल, निर्णयाला चालणार नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा बांबू गौण वनोपजात मोडतो हे त्यांनी कायद्यातून वाचलं होतं. वनखातं मात्र १९२७च्या कायद्यावर बोट ठेवून बांबूला लाकूड म्हणत होतं. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ज्यांच्यापैकी अनेकांनी शाळेचं तोंड धड पाहिलं नव्हतं, त्यांनी कायद्याचा अर्थ शासनाला समजावून दिला. याला विद्यापीठीय काम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

गोंडवाना विद्यापीठाने यातून काहीच घेतलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा त्यांचा उपक्रम शिक्षण सुटलेल्या माणसांसाठी पदवीचे वर्ग गावातच भरवतो. तो चांगला आहे. पण त्यात विद्यापीठ गावात जातं ते पदवी घेऊन. गावाचा प्रश्न घेऊन ते परत येतं का, ही खरी परीक्षा.

आता खाणीकडे वळू, कारण तिला वळसा घालून आज आलापल्लीत विद्यापीठावर बोलताच येत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेवही आहे; दर जानेवारीत इलाक्यातली गावं यात्रेला जमतात. लॉयड्स मेटल्सचा खाणपट्टा २००७चा. २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी वाहनांचा ताफा जाळल्यावर काम थांबलं. २०२१ पासून ते जोरात सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन खनिज काढायची मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. आलापल्लीचा चौक हा या सगळ्याचा नाका. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याकडेची पळसाची पानं लाल केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून गेला. बंदुकीची सावली मागे हटते आहे आणि मोकळ्या जागेत कंपनी येते आहे. विद्यापीठ कुठे आहे?

शासनाचं उत्तर तयार आहे: विद्यापीठाने खाणीला माणसं पुरवावीत. खाणकामाशी जोडलेलं तंत्रशिक्षण येतं आहे, कंपनीने इथले काही तरुण ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात खाण अभियांत्रिकी शिकायला पाठवले आहेत. यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. पहाटे आलापल्लीच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं बघितली आहेत त्याला नोकरीची चेष्टा करता येत नाही. भामरागडच्या माडिया मुलीने पर्थला जावं, डंपर चालवणाऱ्याच्या पोराने त्या खाणीचा व्यवस्थापक व्हावं. पोटभर जेवलेल्यांनीच ‘ज्ञानासाठी ज्ञान’ शिकवायला यायचं, हे इथे खूप झालं.

अडचण वेगळी आहे: ज्यांची जमीन, त्यांच्या बाजूने विद्यापीठ उभं राहतं का? अमेरिकेत १८६२ मध्ये मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या पैशातून शेती व यंत्रविद्येची विद्यापीठं निघाली. सामान्य शेतकऱ्याच्या पोराला उच्च शिक्षण देणारी म्हणून जगभर त्यांचं कौतुक झालं. आपली कृषी विद्यापीठंही त्यांच्याकडे बघून निघाली. त्या जमिनी कोणाच्या होत्या हे २०२० मध्ये पत्रकारांनी दफ्तरं उकरून दाखवलं: सुमारे अडीचशे मूळनिवासी जमातींच्या जवळपास एक कोटी सात लाख एकर. ज्यांच्या जमिनीवर विद्यापीठं उभी राहिली त्यांच्या मुलांना तिथे शतकभर जवळजवळ जागा नव्हती. नवाहो लोकांनी १९६८ मध्ये स्वतःचं महाविद्यालय काढलं आणि अशा आदिवासी महाविद्यालयांना मॉरिल कायद्यातल्या विद्यापीठांचा दर्जा मिळायला १९९४ उजाडलं. गोंडवाना नावाच्या विद्यापीठाने हा इतिहास आपल्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ठेवायला हरकत नाही.

आता आपल्याकडे बघा. खाणीचा विस्तार करायचा तर पर्यावरण परिणाम मूल्यांकन अहवाल लागतो. तो सल्लागार संस्था करते आणि तिची फी प्रकल्पाचा मालक देतो. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. गावाला मराठी सारांश मिळतो, गोंडी-माडियात काहीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरजागडच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती खाणीच्या पायथ्याशी नव्हे, शंभराहून अधिक किलोमीटर लांब गडचिरोलीत. तिथे पोचलेल्या माणसाने उठून म्हणायचं की पावसाळ्यात लाल गाळ आमच्या बांधीत उतरतो. समोरून विचारलं जातं: पुरावा? त्याच्याकडे चिखलाने भरलेली बांधी असते, आकडा नसतो. कंपनीकडे तज्ज्ञ आहे, शासनाकडे तज्ज्ञ आहे, ग्रामसभेकडे कोणी नाही. मला पुढच्या काळातल्या विद्यापीठाचं काम इथे दिसतं. ते अहवाल ग्रामसभेच्या बाजूला बसून वाचणं, त्यातला आकडा आणि नाल्यातला आकडा शेजारी शेजारी ठेवणं. विद्यापीठाने खाणीला विरोध करावा असं मी म्हणत नाही. आकडा कंपनीच्या बाजूने निघाला तर तोही तितक्याच जाहीरपणे सांगावा. तरच उद्या तो विरुद्ध निघाला तर कोणी ऐकेल.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर कामाचं स्वरूप बघा. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला पाण्याचा गढूळपणा आणि लोहाचं प्रमाण काढता येतं. पाच-सात ठिकाणं पक्की करायची, दर महिन्याला त्याच जागी, त्याच पद्धतीने पाणी भरायचं, नमुना घेणारा शक्यतो त्याच गावचा विद्यार्थी, आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. त्याला त्याचे श्रेयांक मिळतील. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रकार्य आणि आंतरवासितेला जागा आहे. ती जागा आज बहुतेक वेळा शिक्का मारलेल्या प्रमाणपत्राने भरली जाते. पैसा? २०१५च्या कायद्यानुसार जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या तीस टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. तो पैसा खाणीची झळ बसणाऱ्या लोकांसाठीच आहे. त्यातला छोटा, ठरावीक वाटा कंपनीच्या किंवा पालकमंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवता अशा मोजणीसाठी विद्यापीठाला द्यावा. कंपनीच्या देणगीतून चाललेल्या प्रयोगशाळेचा आकडा कोणी खरा मानणार नाही, आणि मानूही नये. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सांगितलं होतं की रयतेच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. गडचिरोलीत हा प्रश्न शिळा झालेला नाही.

खरी भीती पैशाची नाही, धाडसाची आहे. या जिल्ह्यात प्रश्न विचारणाऱ्याला गेली चाळीस वर्षं दोन्हीकडून संशयाने बघितलं गेलं. एका बाजूला तो पोलिसांचा खबऱ्या ठरला, दुसऱ्या बाजूला नक्षल समर्थक. एकटा पोरगा बाटलीत पाणी भरताना दिसला तर त्याला अजूनही दहा जण हटकतील. त्याच्या हातात विद्यापीठाचं ओळखपत्र आणि प्राध्यापकाची सही असलेली नोंदवही असेल तर तोच प्रश्न अभ्यास ठरतो. मोबाइलमधलं यंत्र हे संरक्षण देऊ शकत नाही, पर्थचं विद्यापीठ देऊ शकत नाही. ते फक्त इथलं विद्यापीठ देऊ शकतं, द्यायचं ठरवलं तर.

भाषेचंही असंच. धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. दरम्यान २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने ‘आदि वाणी’ नावाचं भाषांतराचं अॅप आणलं, त्यात गोंडी आहे. ते आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने झालं. म्हणजे दिल्लीत यंत्राला गोंडी शिकवणं कौतुकाचं आणि मोहगावात पोरांना गोंडीतून शिकवणं बेकायदा. अशा वेळी गोंडवाना नावाच्या विद्यापीठाने पुढे होऊन त्या शाळेची पाठ्यपुस्तकं तपासायला, शिक्षक घडवायला, तिची मुलं पाचवीत-आठवीत कुठे पोचतात ते मोजायला हवं होतं.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: असं केलंत तर आमच्या मुलांसाठी दुय्यम, जंगली विद्यापीठ तयार होईल, पुण्याची मुलं संगणकशास्त्र शिकतील आणि आमची नाल्याचं पाणी मोजतील. मी याच्या उलट म्हणेन. आज जी पदवी आपण त्यांना देतो ती पुण्याच्या पदवीची फिकट झेरॉक्स आहे आणि नोकरी देणाऱ्याला ते माहीत आहे. पाण्याची दोन वर्षांची निर्दोष नोंद ठेवलेला, तिचं विश्लेषण संगणकावर करून ते गोंडी, मराठी आणि इंग्रजीत मांडू शकणारा मुलगा पुण्यात, पर्थमध्ये, कुठेही उभा राहील. वसा आणि अमिर्झा ही गावं लहान होती म्हणून ‘लॅन्सेट’ने अहवाल परत पाठवला नाही.

गोंडवाना विद्यापीठाच्या विद्या परिषदेला म्हणून दोनच मागण्या. पहिली, येत्या वर्षापासून दक्षिण गडचिरोलीतल्या केंद्रांवर उन्हाळी परीक्षा तेंदूपत्त्याचा हंगाम टाळून घ्या. याला निधी लागत नाही, एक ठराव लागतो. दुसरी, सुरजागडच्या पायथ्याच्या नाल्यांवर बारा महिन्यांच्या मोजणीचा अहवाल काढा, मराठी आणि गोंडीत काढा, आणि मंत्रालयात पाठवण्याआधी त्या इलाक्याच्या ग्रामसभेत उभं राहून वाचा.